रहस्यकथा, प्रेमकथा की अद्भुतकथा: पहिलं पुस्तक निवडताना

खून, प्रेम की जादू, एवढंच बघून वाचनालयातून पुस्तक आणलं की बऱ्याचदा ते अर्धवट वाचून परत जातं. विषयाच्या आधी बघायचं ते हे, की पुस्तक आपल्याकडून काय मागतं आणि त्याचं फळ कधी देतं. रहस्यकथा फळ अगदी शेवटी देते, एकरकमी. प्रेमकथेचा शेवट गोड होणार हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे तिला वाटेत पानोपानी द्यावं लागतं. अद्भुतकथा मात्र आधी अनामत मागते. पहिली साठ-सत्तर पानं नावं, गावं, तिथल्या चालीरीती अंगवळणी पाडायच्या आणि मग ते जग उघडतं. चाळिसाव्या पानावर सोडणाऱ्याने अनामत भरलेली असते, हाती मात्र काहीच लागलेलं नसतं.

वेळेचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला 250 शब्द हा बेताचा वेग धरला, तर मिल्स अँड बून या प्रेमकथांच्या प्रकाशनाच्या मालिकेतली 50,000 शब्दांची कादंबरी साडेतीन तासांच्या आत होते. अगाथा ख्रिस्तीची कादंबरी साधारण चार तासांची. टोल्किनची अद्भुतकथा ‘द हॉबिट’ (1937) सहा-साडेसहा तास घेते, आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (1954-55) साडेचार लाखांहून अधिक शब्दांची असल्याने तीस तास हाताशी हवेत.

पण एकूण तासांपेक्षा दोन बैठकींमधलं अंतर जास्त नडतं. रहस्यकथा आठ दिवस बाजूला पडली की बागेचं दार कुणी बंद केलं आणि चहाच्या वेळी कोण कुठे होतं, हे सगळं पुसलं जातं. मग शेवटचा उलगडा बरोबर असूनही पोचत नाही. चार दिवसांत संपवता येणार असेल तरच ती हातात घ्यावी. अद्भुतकथेची पहिली बैठक मोठी हवी, रविवारची अख्खी दुपार. नंतर रोजची वीस मिनिटं पुरतात. प्रेमकथा याबाबत सगळ्यांत सोशिक. लोकलमध्ये वाचता वाचता स्टेशन आलं म्हणून मिटली, तरी संध्याकाळी धागा लगेच सापडतो.

रहस्यकथेचं सुख सचोटीत आहे. रोनाल्ड नॉक्सने 1929 साली या प्रकारासाठी दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, आणि गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकासमोरही आला पाहिजे, हे त्यांतले दोन. म्हणून लेखक दुवा लपवत नाही, गर्दीत उभा करतो. टेबलावरच्या पाच वस्तूंची यादी येते, त्यातली तिसरी महत्त्वाची असते आणि पुढच्याच ओळीत कुणीतरी किंकाळी फोडतं. डोळा किंकाळीकडे धावतो, वस्तू मागे राहते. यादी आली की वेग कमी करावा, ही एक सवय लागली तरी मजा दुप्पट होते.

इथे नवा वाचक हमखास चुकतो ते क्रमात. ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ (1926) फार नावाजलेली, म्हणून सगळे तीच आधी सुचवतात. मला हे पटत नाही. तिचा घाव बसायला आधी तीन-चार रहस्यकथांची सवय अंगात मुरलेली हवी. सुरुवात तिच्याच ‘अँड देन देअर वेअर नन’ (1939) पासून करावी. एक बेट, दहा माणसं, आणि आधीचं काहीही माहीत असण्याची गरज नाही. ‘कर्टन’ (1975) ही ख्रिस्तीच्या प्वारो या गुप्तहेराची शेवटची केस. ती शेवटीच वाचावी. आपल्याकडच्या बाबुराव अर्नाळकरांच्या झुंझार-काळापहाडकथा मात्र या मापाने मोजू नयेत. त्यांचा प्राण धाडसात आणि वेगात आहे, दुवे जुळवत बसलं तर त्यांच्यावर अन्याय होतो.

प्रेमकथेबाबत मराठीत एक घोटाळा होतो. आपण विरहाच्या, शोकांत गोष्टीलाही प्रेमकथाच म्हणतो. इंग्रजी रोमान्समध्ये मात्र सुखान्त ही अट आहे. ‘शेवट कळलेलाच आहे, मग वाचायचं कशाला?’ हा आक्षेप म्हणूनच गैरलागू. वाचायचं असतं ते अडसरासाठी. कसोटी सोपी आहे: दोघं दहा मिनिटं मोकळेपणी बोलली तर प्रश्न सुटेल का? सुटत असेल तर अडसर खोटा आहे, पुस्तक खाली ठेवावं. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (1813) एकसष्ट प्रकरणं आहेत आणि नायक डार्सी नायिका एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो ती चौतिसाव्यात. म्हणजे मनातलं बोलून झाल्यावरही जवळजवळ निम्मी कादंबरी उरते, कारण अडसर गैरसमजाइतकाच दोघांच्या स्वभावातही आहे. स्वभाव बदलायला तेवढी पानं लागतातच.

हे सगळं मराठीत वाचावं की इंग्रजीत? तिन्ही प्रकारांना भाषा वेगवेगळ्या ठिकाणी पकडते. रहस्यकथेत ती नात्यांत पकडते. इंग्रजी ‘अंकल’ काका, मामा किंवा आत्याचा नवरा, कुणीही असू शकतो. ‘ब्रदर-इन-लॉ’ दीर असेल, मेहुणा असेल नाहीतर साडू. खून इस्टेटीसाठी असेल तर काका आणि मामा यांत वारसाचा फरक पडतो, आणि अनुवादकाने डोळे झाकून शब्द निवडला की दुवाच मोडतो. लिंगाचंही तसंच. इंग्रजी ‘फ्रेंड’ मुग्ध राहतो, मराठीत मित्र की मैत्रीण हे सांगावंच लागतं. ‘कुणीतरी जिना उतरला’ असं लिहिलं की निम्मे संशयित सुटले. जाणता अनुवादक तिथे ‘कुणीतरी जिना उतरलं’ असं लिहितो आणि आपल्या नपुंसकलिंगाचं सोनं करतो. असा अनुवाद मिळाला तर रहस्यकथा मराठीत बेलाशक वाचावी, काही हरवत नाही.

प्रेमकथेत सगळा खेळ तू आणि तुम्हीचा. इंग्रजीत एकच ‘यू’. मराठीत अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणं हीच एक प्रेमघटना असते. डार्सी पहिल्याच भेटीपासून एलिझाबेथला ‘तू’ म्हणाला तर त्याचा ताठा गेला, आणि शेवटपर्यंत ‘तुम्ही’च राहिलं तर जवळीक आलीच नाही. विकत घेण्याआधी अनुवादात मागणीचा प्रसंग आणि शेवटची दोन प्रकरणं उघडून हे संबोधन ताडून बघावं. दोन मिनिटांचं काम आहे, पण अनुवादाचा कस तिथेच लागतो.

अद्भुतकथेत नावं अवघड. ‘एल्फ’ला यक्ष म्हटलं की आपली पुराणं मध्ये येतात, परी म्हटलं की बालकथा होते. कोणती नावं भाषांतरित करावीत आणि कोणती तशीच ठेवावीत, यासाठी टोल्किनने अनुवादकांसाठी टिपणच करून ठेवलं होतं. इंग्रजी सहज वाचता येत असेल तर हा प्रकार मुळातून वाचावा. नसेल, तर नावं तशीच ठेवलेला अनुवाद निवडावा.

जादूबाबतही एक कसोटी आहे. तिला मर्यादा आणि किंमत हवी. हिरण्यकशिपूच्या वराची गोष्ट ऐकत वाढलेल्या वाचकाला हे वेगळं शिकवावं लागत नाही: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, आणि तरीही नियम न मोडता उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला उत्तर सापडतं. शेवटच्या प्रकरणात अचानक नवी शक्ती उगवून सगळं निस्तरत असेल तर लेखकाने नियम मोडला. नारायण धारपांना मात्र या कप्प्यात शोधू नये. त्यांच्या बहुतेक गाजलेल्या कादंबऱ्या भयकथा आहेत, आणि भयकथेला आपलंच ओळखीचं घर लागतं, वेगळं जग नव्हे.

मालिका पूर्ण झाली आहे का, हेही आधी बघा. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ हा एका मालिकेचा पहिला खंड 1996 साली आला, पाचवा खंड 2011 साली, आणि त्यानंतर मुख्य कथेचा पुढचा खंड आलेला नाही. ‘द व्हील ऑफ टाइम’ चौदा खंडांत पूर्ण झाली, पण मूळ लेखक 2007 साली गेल्यावर शेवटचे खंड दुसऱ्या लेखकाने पुरे केले. पहिल्याच खेपेला एवढ्यात उतरू नये.

हाताशी फक्त एक शनिवार-रविवार असेल आणि डोकं ताजं असेल तर रहस्यकथा. दिवसभराच्या कामाने जीव शिणला असेल, तुकड्यातुकड्यानेच वाचणं होत असेल, तर प्रेमकथा. अद्भुतकथेची भीती वाटत असेल तर अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) घ्यावं. दोनशेच्या आसपास पानं, गोष्ट पूर्ण, आणि जादूचा नियम एकच: वस्तूचं खरं नाव ज्याला कळलं, त्याची तिच्यावर सत्ता. नकाशा सुरुवातीलाच असतो, तो पाठ करायला जाऊ नये. गोष्टीतली होडी नव्या बेटाला लागली की मागे उलटून बघावं, तेवढं पुरतं.