गूगल फॅमिली लिंक : सोय चोख, लोकेशन मात्र जपून वापरावे

माहिती तंत्रज्ञानाचा कायदा आणि खासगीपणा हा माझ्या अध्यापनाचा विषय असल्यामुळे मुलीला तिचा पहिला अँड्रॉइड फोन देताना गूगलचे फॅमिली लिंक हे मोफत अ‍ॅप मी आई म्हणून वापरले आणि अभ्यासक म्हणून तपासूनही घेतले.

रोजची वेळमर्यादा, रात्री फोन बंद ठेवण्याची वेळ आणि नव्या अ‍ॅपसाठी पालकांची मंजुरी ही कामे ते चोख करते. त्यांत मंजुरीची सोय मला सर्वांत मोलाची वाटते. मुलीने चित्रे रंगवण्याचे एखादे अ‍ॅप मागितले की विनंती माझ्या फोनवर येते, मग ते अ‍ॅप कॅमेरा, माइक, कॉन्टॅक्ट्स यांपैकी काय काय मागते हे आम्ही दोघी मिळून वाचतो, आणि "रंग भरायला माइक कशाला लागतो गं, आई?" असे आता तीच विचारते. पालकांना मुलांचे मेसेज यात वाचता येत नाहीत. काही पालकांना ही उणीव वाटेल. मला ती जमेची बाजू वाटते.

लोकेशनचे तसे नाही. मुलाचा फोन कुठे आहे हे नकाशावर हवे तेव्हा पाहता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून मुलांवर पाळत ठेवण्यास मनाई केली आणि नोव्हेंबर २०२५ मधील नियमांनी सुरक्षिततेपुरती लोकेशन पाहण्याची सवलत दिली. पण ही बंधने माहिती हाताळणाऱ्या कंपन्यांवर आहेत, घरात आईवडिलांनी किती पाहावे याबद्दल हा कायदा काही सांगत नाही. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचे १६ वे कलम मात्र मुलालाही खासगी आयुष्य आहे हे स्पष्टपणे मान्य करते, आणि माझ्या मते पालकांनी सेटिंग करायला बसताना तेच ध्यानात ठेवावे. आमच्याकडे क्लासवरून यायला उशीर झाला तरच नकाशा उघडायचा आणि उघडला की मुलीला सांगायचे, असे ठरले आहे.

पालकांकडे आयफोन असला तरी अ‍ॅप चालते. मूलच आयफोन वापरत असेल, तर याचा उपयोग फार मर्यादित आहे.