स्प्रिंट कयाक, नवशिक्यांचा कोर्स (नेदरलँड्समधल्या अॅमस्टेलवीनजवळचा एक क्लब): पाचपैकी चार तारे

आधीच सांगते, पर्यटक कालव्यातून गप्पा मारत वल्हवतात ती कयाक ही नव्हे. ही के-१, म्हणजे एकट्याने वल्हवायची, ऑलिम्पिकमधली शर्यतीची बोट. लांबी जास्तीत जास्त ५.२० मीटर, वजन किमान १२ किलो. पूर्वी रुंदी किमान ५१ सेंटीमीटर असावी लागे. सिडनी ऑलिम्पिकनंतर तो नियम गेला आणि बोटी सुरीसारख्या निमुळत्या झाल्या. तिच्यात बसणं हीच पहिली परीक्षा.

म्हणून इथे सुरुवातीला रुंद बुडाची बोट देतात, हे मला फार आवडलं. प्रशिक्षक आजोबा धक्क्यावर गुडघे टेकून बोटीचं शेपूट धरून ठेवतात. मी त्यांना 'मेनेर' (डचमध्ये 'साहेब') म्हणायचे, तर वैतागायचे; इथे सगळे नावानेच हाक मारतात. त्यांचा मंत्र एकच: हाताने ओढू नका, पायाने फळी दाबा आणि कंबरेतून वळा. दंडात जोर असून काही होत नाही, हे पाण्यात पडलं की आपोआप पटतं. पडलात तरी घाई नाही. आधी हसतात, मग बोट रिकामी करायला शिकवतात.

चहाच्या वेळी विषय हमखास आनेमीक डर्क्स या डच कयाकपटूवर येतो. १९८४ साली लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला एकटीच्या ५०० मीटरमध्ये तिला कांस्य मिळालं. त्या वर्षी सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनीने बहिष्कार टाकला होता, त्यामुळे 'स्वस्तातलं पदक' म्हणणारे भेटतातच. आजोबा त्यावर फक्त 'सोल' म्हणतात. १९८८ला तिथल्या ऑलिम्पिकला ते बहिष्कारवाले देश आले होते. तरीही डर्क्स आणि आनेमारी कॉक्स या जोडीने के-२ (दोघांची बोट) ५०० मीटरमध्ये कांस्य घेतलं. पुढे पूर्व जर्मनी आणि बल्गेरिया. डर्क्स तेव्हा चौतिशीत होती. के-२मध्ये पुढची व्यक्ती लय ठरवते आणि पायाने सुकाणू सांभाळते, मागचीने ती लय बिनबोभाट पकडायची. एकटीने पदक मिळवलेल्या बाईने चार वर्षांनी जोडीत तेच करून दाखवावं, याचं मला तरी जास्त अप्रूप वाटतं. त्याआधी १९७२ला म्युनिकमध्ये मीके याप्येसने एकटीच्या ५०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं होतं. तिचं नाव तर इथल्या माझ्या डच शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही.

एक तारा का कापला? कपडे बदलायची खोली गारठलेली असते आणि घाईच्या सूचना सगळ्या डचमध्येच येतात. 'लिंक्स' म्हणजे डावीकडे, 'रेख्ट्स' म्हणजे उजवीकडे, एवढं तरी पाठ करून जा. पोहता येणं सक्तीचं आहे. जीन्स नको, जास्तीचे मोजे हवेतच, आणि चष्म्याला दोरी बांधा. एप्रिलमध्ये पाणी बर्फासारखं असतं. जमलं तर जूनची तुकडी घ्या.