मटणात खुपसायचा थर्मामीटर, पैसे वसूल (झाकण सोडून)

आपल्याकडं मटण म्हणजे कुकरच्या पाच शिट्ट्या, पण गच्चीवर शेगडीवर चॉप भाजायचं खूळ डोक्यात शिरलं आणि पहिल्याच खेपेला बाहेरनं कोळसा आत लालभडक, म्हणून ऑनलाइन साडेसहाशेचा सुईवाला डिजिटल थर्मामीटर मागवला. आल्या आल्या उकळत्या पाण्यात घातला तर ९८ दाखवतोय, म्हटलं गेले पैसे! रिटर्न टाकणार तेवढ्यात भाचा म्हणतो मामा आपण साताऱ्यात आहोत, उंचीवर पाणी १०० च्या आधीच उकळतं. बर्फाच्या पाण्यात बरोब्बर ०.

सुई हाडाला न टेकवता जाड भागाच्या मधोमध घालायची. ६० ला उतरवून ताटाखाली पाच मिनिटं झाकून ठेवलं तर आकडा आपोआप ६३ वर गेला, आत गुलाबी आणि रस नुसता निथळतोय, लय भारी. आईला ते गुलाबी बघवेना, तिचे परत चढवून ७१ पर्यंत नेले. चिकन मात्र ७४ च्या आधी उतरवू नका.

तक्रार एवढीच, आकडा स्थिर व्हायला दहा सेकंद लागतात तोवर हात भाजतो, आणि सेलचं झाकण दुसऱ्याच दिवशी सैल झालं, सध्या चिकटपट्टी लावलीय.