नॉर्वेतल्या हरवलेल्या नातलगांचा शोध: डिजिटलआर्किवेट काही महिने वापरल्यावर

माझ्या सासूबाईंचे आजोबा १८८२ साली नॉर्वेहून मिनेसोटात आले. त्या एका वर्षात २८ हजारांहून जास्त लोकांनी नॉर्वे सोडलं. म्हणजे ‘ओले लार्सन, नॉर्वे’ एवढ्या माहितीवर काय सापडणार! शिवाय सासूबाईंना आजोबांपेक्षा त्यांच्या मागे राहिलेल्या भावंडांचे वंशज हवे होते. घरात असल्या कामाची हौस मलाच, म्हणून ते माझ्याकडे आलं. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं डिजिटलआर्किवेट गेले काही महिने वापरतेय, त्याचा हा अनुभव.

साइट पूर्ण मोफत आहे आणि इंग्रजीतही चालते. १८०१, १८६५, १९०० आणि १९१० च्या जनगणना नावानं शोधता येतात. नॉर्वेत जनगणना शंभर वर्षं बंद ठेवतात, त्यामुळे १९२० ची डिसेंबर २०२० मध्ये खुली झाली. चर्चच्या नोंदवह्यांची पानंही स्कॅन करून ठेवलेली आहेत.

पण सुरुवात तिथून करू नका. अमेरिकन जनगणनेत जन्मस्थळ बहुतेक वेळा नुसतं ‘नॉर्वे’ असतं. आम्हाला खरं गाव मिळालं ते मिनेसोटातल्या जुन्या लुथरन चर्चच्या वहीत. नॉर्वेजियन पाद्री जन्माचं पॅरिशही (एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) लिहून ठेवत, देव त्यांचं भलं करो. आमचं निघालं सोग्नमधलं लुस्टर. त्यावरून बर्गनच्या पोलिसांची वही चाळली. तिथे १८७४ पासून परदेशी जाणाऱ्यांची नोंद होई. नाव, वय, राहण्याचं ठिकाण, कुठे चालला, सगळं जुळलं.

खरी गंमत आडनावांची. लार्सचा मुलगा लार्सन, मुलगी लार्सदात्तर. म्हणजे आपण वडिलांचं नाव मधे लावतो, ते त्यांच्याकडे शेवटी. त्यापुढे ज्या शेतावर राहतात त्याचं नाव, आणि शेत बदललं की तेही बदलायचं! म्हणून नावामागे धावण्यापेक्षा पॅरिश आणि शेत धरून बसावं. त्यात १९२३ च्या कायद्यानं प्रत्येक कुटुंबाला कायमचं आडनाव घ्यायला लावलं. एका भावाच्या मुलांनी शेताचं नाव घेतलं, दुसऱ्याच्या मुलांनी वडिलांच्या नावावरून आलेलं ‘-सन’वालं आडनाव तसंच ठेवलं. सख्खी चुलत भावंडं कागदावर परकी होतात ती इथे.

नाव ठेवण्याची रीत मात्र मदतीला येते. थोरल्या मुलाला सहसा वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. त्यावरून आजोबांच्या एका बहिणीचं घर मी ओळखलं आणि नंतर बाप्तिस्म्याच्या नोंदीनं ते पक्कं केलं. १८६५ च्या जनगणनेत तर गाई, मेंढ्या आणि पेरलेलं बियाणंही लिहिलंय. आमच्या मंडळींची गुरं वाचताना कामाचं सोडून मी किती वेळ घालवला, विचारू नका.

त्रास होतो तो अक्षराचा. जुनी गॉथिक वळणाची लिपी, डॅनिश वळणाची भाषा, त्यात पाद्र्याची घाई. सगळ्या वह्यांची नावनिहाय सूची नाही, तिथे पानं उलटत बसावं लागतं. आधी बाप्तिस्मा शोधा, मग साधारण पंधराव्या वर्षाचं कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करण्याचा चर्चमधला विधी. त्यात आईवडिलांची नावं पुन्हा मिळतात. दुसऱ्या एका पैसे घेणाऱ्या साइटनं आम्हाला झटपट वंशवृक्ष दाखवला होता. त्यात भलत्याच पॅरिशचा ओले चिकटवलेला होता. तसल्या सूचना मूळ पान पाहिल्याशिवाय घेऊ नयेत.

१९२० नंतर मात्र ही साइट जवळजवळ हात वर करते. तिथून पुढे बिग्देबूक, म्हणजे परगण्याचा शेतवार इतिहास. प्रत्येक शेतावर कोण आलं, कोण गेलं, कोण अमेरिकेला गेलं, हे पिढ्यांनुसार दिलेलं असतं. आमचा खंड विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या नॉर्वेजियन अमेरिकन वंशावळ केंद्रातून पाहायला मिळाला. त्यातल्या शेताच्या नावानं पत्र धाडलं आणि बहिणीच्या पणतीचं उत्तर आलं, इंग्रजीत आणि चांगलं सविस्तर. सासूबाईंचं आता रोज तिच्याशी व्हिडिओवर बोलणं चालतं.

धाकट्या भावाचा पत्ता अजून नाही. लुस्टरच्या वहीत त्याचं कन्फर्मेशन आहे, पुढे काही नाही. आता ट्रॉन्डहाइम आणि क्रिस्टियानियाच्या (आजच्या ऑस्लोच्या) परदेशी जाणाऱ्यांच्या वह्या पाहणार आहे.