पुरानंतरचा विमा दावा: सर्व्हेअरला पाच तारे, कार्यालयाला दोन

पाणी ओसरल्यावर कळलं, की घरविम्याची पॉलिसी मी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवली होती. तिचा लगदा झाला होता. हेल्पलाइनवरच्या मुलीने मात्र फोन नंबरावरून ती दोन मिनिटांत शोधली, प्रत ईमेलवर पाठवली, दावा क्रमांक दिला आणि नुकसान पाहून मोजणारे सर्व्हेअर चौथ्या दिवशी येतील म्हणाली. इथवर तक्रार नाही.

पण जाता जाता म्हणाली, "तोवर काही हलवू नका." भिजलेल्या घरात बुरशी धरायला 24 ते 48 तास पुरतात. चार दिवस ओल्या गाद्या तशाच ठेवल्या असत्या, तर पुराने जे सोडलं ते विम्याने सडवलं असतं. आलेली प्रत वाचून मी पुन्हा फोन केला: नुकसान वाढू न देणं ही माझीच जबाबदारी आहे, असं तुम्हीच लिहिलंय ना? ती आत विचारून आली. फोटो काढा, मग हलवा, फक्त फेकू नका. हे पहिल्याच फोनला सांगायला काय झालं होतं?

मग मी खोलीखोलीत भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला मोजपट्टी लावून फोटो काढले, यंत्रांच्या मागचे मॉडेल नंबर टिपले, कुजायला लागलेल्या गालिच्याचा हातभर तुकडा कापून पिशवीत ठेवला. बाकीचं गॅलरीत. वास विचारू नका.

सर्व्हेअर वेळेवर आले. भिंतींना ओल मोजायचं यंत्र लावलं, बोटांनी ठोकून प्लास्टर कुठे सुटलंय ते दाखवलं, आणि मला न सुचलेल्या दोन गोष्टी यादीत घातल्या: गाळ काढण्याची मजुरी आणि दारांच्या फुगलेल्या चौकटी. मग विचारलं, "पाणी आधी दारातून आलं की बाथरूमच्या जाळीतून?" मला वाटलं, पाणी ते पाणी. तसं नसतं. गटार उलटून आलेलं पाणी कित्येक पॉलिसींत पुराहून वेगळं धरतात, आणि त्याला संरक्षण असेलच असं नाही. मुलाने फोनवर घेतलेल्या व्हिडिओत पाणी उंबऱ्यावरून आत येताना दिसत होतं आणि बाथरूम कोरडं होतं, म्हणून निभावलं.

पुढे कार्यालयात घोडं अडलं. तीच कागदपत्रं दोनदा मागितली, दर वेळी नवा माणूस. सोफ्याची पावती कुठून आणू? शेवटी वाढदिवसाचा एक जुना फोटो पाठवला, त्यात सगळे सोफ्यावर बसलेले. तो चालला! फ्रिजवर घसारा लावला, म्हणजे वापराच्या वर्षांमुळे घटलेली किंमत कापली. हिशेबनीस म्हणून मी आयुष्यभर लोकांच्या यंत्रांवर घसारा लावला, स्वतःच्या फ्रिजवर लागला तेव्हा पहिल्यांदा झोंबला.

खरा फटका मात्र विमा रकमेचा. ती मी नऊ वर्षांपूर्वी ठरवली आणि दर नूतनीकरणाला डोळे मिटून पैसे भरले. माझ्या पॉलिसीत घर पुन्हा बांधायला 100 लागणार आणि विमा 75 चाच असेल, तर 20 च्या नुकसानीला 15 मिळतात. शिवाय सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्याच खिशातून. गणित बरोबर आहे, चूकही माझीच. पण नऊ वर्षांत हप्त्याची आठवण न चुकता करणाऱ्यांनी एकदाही विचारलं नाही, की बाई, रक्कम पुरेल का?

मंजुरीच्या पत्राखाली "पूर्ण व अंतिम" असं छापलं होतं, म्हणजे सही केली की पुढे काही मागायचं नाही. भिंती अजून सुकत होत्या, म्हणून मी सही केली नाही. आत्ताची रक्कम स्वीकारते, वायरिंगची तपासणी बाकी आहे, असं लेखी कळवलं. तीन आठवड्यांनी हॉलमधला बोर्ड ठिणग्या टाकायला लागला. सर्व्हेअर पुन्हा आले, कुरकुर न करता, आणि त्याचे पैसे वेगळे मिळाले.

फ्रिजची भंगार किंमत त्यांनी रकमेतून कापलेली नाही, म्हणजे तो आता त्यांचा. उचलायला माणूस पाठवतो म्हणाले होते. दोन महिने झाले, तो गॅलरीतच आहे. मी त्यात कुंड्यांचं खत ठेवते.