पुष्पकाच्या नाकावर दोन इंजिनं: स्वस्त आणि महाग फोर-स्ट्रोकचा वर्षभराचा अनुभव

रिमोटवर उडवायच्या मॉडेल विमानाचं एक जपानी फोर-स्ट्रोक इंजिन घ्यायचं तर त्या किमतीत चिनी दोन येतात आणि वर पंख्यांपुरते, म्हणजे प्रोपेलरपुरते, पैसे उरतात. मग जपानी घ्यायचंच कशाला? मैदानावर येणारा प्रत्येक नवा माणूस हे विचारतो आणि प्रश्न काही चुकीचा नाही. मी दोन्ही इंजिनं एकाच विमानावर आलटून पालटून उडवली, गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत. मध्ये एक अख्खा पावसाळा गेला. तो मुद्दाम सांगतोय, कारण या दोघांमधला एक मोठा फरक हवेत दिसलाच नाही. तो दिसला कपाटात पडून राहिल्यावर.

विमान आहे एचएएलचं पुष्पक, १/५ मापाचं. मूळ पुष्पक १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं, आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतल्या कितीतरी वैमानिकांनी त्यावर पहिले धडे गिरवले. त्याच्या पंखांचा विस्तार जवळपास ११ मीटर, म्हणजे माझं मॉडेल सुमारे २.२ मीटरचं. वजन चार किलोच्या आसपास. अशा संथ, रुंद पंखांच्या विमानाला फोर-स्ट्रोकच शोभतं. मोठा पंखा, कमी फेरे, आणि तो जाड, दमदार आवाज. टू-स्ट्रोकची किंचाळी पुष्पकाला लावली तर बघणाऱ्यालाच लाज वाटेल.

दोन्ही इंजिनं ७० च्या वर्गातली, म्हणजे ०.७० घनइंच, साडेअकरा सीसी. जपानी इंजिन तिथल्या नावाजलेल्या घराण्यातलं. चिनी इंजिनाच्या नावाला फारसा अर्थ नाही, कारण या किमतीतली इंजिनं एकाच साच्यातून निघून देशागणिक वेगळ्या डब्यांत विकली जातात. इंजिन बसवायचे माउंट वेगवेगळे करावे लागले. बाकी टाकी, इंधन, १३x६ चा पंखा आणि ग्लो प्लग दोघांना तेच.

जपानी मंडळी हे काम किती वर्षं करताहेत ते आधी बघा. ओ.एस. या जपानी कंपनीने एफएस-६० हे फोर-स्ट्रोक बाजारात आणलं १९७६ मध्ये. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर उघडे, टॅपेट डोळ्यांसमोर नाचताना दिसायचे. पुढे सायटो ही दुसरी जपानी कंपनी आली, त्यांनी सिलिंडर आणि हेड एकसंध ठेवलं, त्यामुळे हेड गॅस्केट फुटायची भानगडच संपली. एरोबॅटिक्सच्या एफ३ए स्पर्धांत टू-स्ट्रोकला १० सीसीची मर्यादा असताना फोर-स्ट्रोकला २० सीसीपर्यंत मोकळीक मिळाली आणि मग या इंजिनांवर भरपूर डोकं खर्च झालं. आपण जे जास्तीचे पैसे मोजतो त्यात हा सगळा अभ्यास आला. चिनी कारखान्याने तो अभ्यास बराचसा तयार उचलला. म्हणून तर ते इंजिन स्वस्त आहे, आणि म्हणूनच ते वाटतं तितकं वाईटही नाही.

डब्यातून काढल्यावर पहिलं काम टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, बघण्याचं. जुनी बुलेट हाताळलेल्याला हे शिकवावं लागत नाही; इथे फक्त माप बारीक. फट साधारण ०.०४ ते ०.१० मिलिमीटर, आणि मोजायची ती थंड इंजिनावरच. जपानी इंजिनात फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या संचातलं) ०.०४ चं पातं अलगद सरकलं, ०.१० चं अडलं. जसं हवं तसं. हात लावायची गरजच नव्हती. चिनीच्या इनटेकला ठीक होतं, पण एक्झॉस्टला ०.०४ चं पातंसुद्धा शिरेना. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. पंखा हाताने फिरवला तर कॉम्प्रेशनच्या जागी एक मऊ, फुसफुशी जाणीव, आणि कान लावला तर सायलेन्सरमधून ‘फुस्स’ ऐकू येत होतं. लॉकनट सैल करून स्क्रू जरासा मागे घेतला, पातं घालून पुन्हा आवळला. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर पंखा कॉम्प्रेशनला येऊन उसळून मागे यायला लागला. पण हे न बघता थेट स्टार्टर लावणारा माणूस अर्धा दिवस घाम गाळून ‘चिनी माल’ म्हणत घरी गेला असता.

डब्यात आलेला प्लगही मी वापरला नाही. ग्लो इंजिनात स्पार्क नसतो. प्लगमधली प्लॅटिनमची तार आणि मिथेनॉलची वाफ यांच्या रासायनिक क्रियेवर ती तार लाल राहते आणि त्यावरच पेट घेतला जातो. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, त्यामुळे मधल्या फेऱ्यात तारेने उष्णता धरून ठेवली पाहिजे. ओ.एस. चा ‘एफ’ प्लग याच कामासाठी आहे. दोन्ही इंजिनांना तोच लावला. स्वस्त इंजिन घेणाऱ्याने इथे काटकसर करू नये, एवढंच सांगेन.

रन-इनचा, म्हणजे नवं इंजिन रुळवण्याचा, अनुभव वेगळा होता. जपानी इंजिन रिच (इंधन जास्त, हवा कमी) मिश्रणावर, कमी फेऱ्यांवर थोडं चालवलं, थंड होऊ दिलं, पुन्हा चालवलं, आणि ते लवकरच शहाण्यासारखं वागू लागलं. चिनीला बऱ्याच टाक्या पाजाव्या लागल्या. सुरुवातीला सायलेन्सरमधून येणारं तेल करडं दिसत होतं, म्हणजे आत धातू घासला जात होता. ते स्वच्छ होईपर्यंत मी विमानाला हात लावला नाही, स्टँडवरच चालवलं.

आता ताकद. लोकांना वाटतं जास्त पैशात जास्त ताकद मिळते. फेरे मोजणारा टॅकोमीटर लावला तर त्याच पंख्यावर दोघांत फरक निघाला मिनिटाला दोन-अडीचशे फेऱ्यांचा. नऊ हजारांच्या पुढे हा फरक पुष्पकाला कळतसुद्धा नाही. डोळे बांधून कुणी पूर्ण थ्रॉटलवर दोन्ही ऐकवली तर मी छातीठोकपणे ओळखू शकेन असं नाही.

ओळखेन ते आयडलिंगवर, म्हणजे थ्रॉटल मिटल्यावर इंजिन मंद चालतं तेव्हा. जपानी इंजिन दोन हजारांच्या आसपास पंखा मोजता येईल असं टुकटुकत राहतं, मिनिटभर तसंच ठेवून थ्रॉटल एकदम दिला तरी न अडखळता उचलतं. चिनी पंचवीसशेच्या खाली नेलं की मूड बघून वागतं. एक दिवस छान, दुसऱ्या दिवशी बंद. आणि मॉडेलमध्ये खरी किंमत इथेच मोजावी लागते. पुष्पकाचे पंख मोठे, त्यामुळे ते उतरताना तरंगत राहतं. आयडल जास्त ठेवलं तर धावपट्टी संपते तरी चाकं टेकत नाहीत. कमी ठेवलं आणि ऐन वेळी परत वर जायचं ठरवलं, तर इंजिन साथ देईल याची खात्री हवी. जपानी इंजिनावर मी बिनधास्त पुन्हा थ्रॉटल देतो. चिनीवर उतरायचं म्हणजे पहिल्याच फेरीत उतरायचं, असा नियम मी स्वतःला घालून घेतलाय.

या वागण्याचं मूळ कार्बोरेटरात आहे. चिनीच्या थ्रॉटलचा बॅरल (फिरता दंडगोल) बोटाने हलवला तर किंचित खुळखुळतो; त्या फटीतून चोरटी हवा जाते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. इनटेक पाइपच्या ओ-रिंगलाही तोच आजार होता, ती बदलल्यावर निम्मं दुखणं गेलं. उरलेलं निम्मं कार्बोरेटर बदलल्याशिवाय जाणार नाही, आणि चांगला कार्बोरेटर घ्यायला गेलं तर इंजिनाच्या अर्ध्या किमतीला पडतो. मग स्वस्त घेतलं कशाला?

इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईबद्दल, म्हणजे नीडलबद्दल, थोडं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथली हवा कोकणापेक्षा साधारण पाच टक्के विरळ. इथे जुळवलेलं इंजिन अलिबागच्या बाजूला नेलं की लीन होतं आणि नीडल थोडी उघडावी लागते. जपानीवर एक-दोन क्लिकमध्ये काम होतं आणि तिथेच राहतं. चिनीची सुई मे महिन्यातल्या दुपारी आणि जानेवारीतल्या सकाळी दोन वेगळी उत्तरं मागते. कोणतंही असो, कमाल फेऱ्यांवर जुळवून मग दोन-तीनशे फेरे कमी होईपर्यंत रिच करा, आणि विमानाचं नाक आकाशाकडे धरून पूर्ण थ्रॉटलवर ऐका. तिथे आवाज बसला तर उडवू नका. फोर-स्ट्रोक लीन झालं की उलटा झटका मारतं आणि पंखा नटासकट उडवू शकतं. दोन नट दिलेले असतात ते शोभेसाठी नाही.

एक्झॉस्टचा नट मात्र दोघांचाही सैल होतो. इथे गरीब-श्रीमंत भेद नाही. इंजिन गरम असताना पान्ह्याने आवळा, आणि दर खेपेला उडवण्याआधी हात लावून बघा.

आता पावसाळा. जूनच्या सुरुवातीला दोन्ही इंजिनांतलं इंधन पूर्ण जाळून टाकलं, ब्रीदरच्या (क्रँककेसमधलं तेल-वाफ बाहेर टाकणाऱ्या) नळीतून आफ्टर-रन तेल, म्हणजे गंजापासून वाचवणारं तेल, सोडलं, पंखा फिरवून सगळीकडे पोचवलं आणि कपडा गुंडाळून ठेवलं. दोघांना सारखीच वागणूक. फोर-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये इंधन थेट येत नाही, पिस्टनच्या बाजूने जे काही निसटतं तेवढंच तेल तिथे पोचतं. त्या उरलेल्या तेलात मिथेनॉल असतं, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, इंधनात मिसळलेल्या नायट्रोच्या (नायट्रोमिथेनच्या) ज्वलनातून आम्ल राहतं. मागच्या बेअरिंगला गंजायला आणखी काय हवं?

सप्टेंबरच्या शेवटी उघडली. जपानीचा पंखा लोण्यासारखा फिरला. चिनीचा फिरवताना बोटांना बारीक वाळू लागल्यासारखी खरखर जाणवली, आणि ब्रीदरमधून थेंब आला तो चहाच्या रंगाचा. बॅकप्लेटचे, म्हणजे मागच्या झाकणाचे, चार स्क्रू काढले तर मागच्या बेअरिंगच्या गोळ्यांवर तांबडे ठिपके.

इथे गोष्टीला वळण आहे. ही बेअरिंगं काही खास नसतात, साधी प्रमाणित मापाची असतात, नंबर कडेवर कोरलेला असतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला तो नंबर सांगितला तर चांगल्या प्रतीची जोडी मिळते, आणि ती इंजिनाच्या किमतीपुढे किरकोळ असते. सगळं सोडवून क्रँककेस ओव्हनमध्ये दीडशे अंशांपर्यंत तापवायची आणि लाकडावर आपटायची. बेअरिंग आपणहून खाली पडतं. नवं तशाच गरम घरात सरकवायचं. ते बदलल्यावर माझं चिनी इंजिन नवं असतानापेक्षा गुळगुळीत चालतंय. आयडल तेवढं तसंच आहे. म्हणजे स्वस्त इंजिनात स्वस्त काय आहे ते आता कळलं: बेअरिंग, प्लग, ओ-रिंग, टॅपेटचं सेटिंग या चार गोष्टी सुधारता येतात. कार्बोरेटरचं मशिनिंग आणि कॅमचा दर्जा येत नाही.

सुट्या भागांबद्दल जपानीचं कौतुक करणारे एक विसरतात. गॅस्केट, पुशरॉड, कॅम सगळं मिळतं हे खरं, पण मिळतं परदेशात. एका गॅस्केटसाठी कुरिअर आणि कस्टम्स धरून गॅस्केटच्या कितीतरी पट पैसे गेले, आणि ते येईपर्यंत उडवायचा मोसम निम्मा संपला. चिनीचे भाग मिळतीलच याची खात्री नाही, म्हणून काही जण एक जास्तीचं इंजिनच सुट्या भागांसाठी घेऊन ठेवतात. हिशेब केला तर ते अगदीच वेडेपणाचं नाही.

इंधनाची अडचण दोघांना समान. मी पाच टक्के नायट्रो आणि अठरा टक्के तेल, त्यात थोडं एरंडेल, असं मिश्रण वापरतो. नायट्रो मिळतं ते नशिबाने. मिथेनॉल विषारी, विक्रीवर बंधनं. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीच्या दारूकांडात शंभरावर माणसं त्यानेच गेली, तेव्हा दुकानदाराने चार प्रश्न विचारले तर रागावू नये. त्वचेतूनही ते अंगात जातं, हातमोजे घाला. आणि तुमच्या गावात त्याची सोयच नसेल तर या दोन्हींच्या नादी न लागता पेट्रोलवरच्या छोट्या फोर-स्ट्रोकचा विचार करा. सायटोची एफजी मालिका त्यासाठीच आहे, फक्त खिसा आणखी सैल सोडावा लागतो.

हात काळे करायला आवडत असतील, पहिलंच फोर-स्ट्रोक असेल आणि विमान साधं असेल तर चिनी घ्या. टॅपेटपासून बेअरिंगपर्यंत सगळं शिकून निघाल. वर्षभर खपून बांधलेलं स्केल विमान असेल तर तिथे मात्र जपानीच. मला स्वतःला आज पुन्हा घ्यायचं झालं तर दोन्ही नवी सोडून मी जुनं जपानी शोधेन. इलेक्ट्रिककडे वळलेल्यांच्या माळ्यावर ती पडून आहेत आणि नव्या चिनीच्या भावात मिळतात. बघताना पंखा हळू फिरवा, कॉम्प्रेशनवर तो उसळतो का बघा, खरखर लागली तर बेअरिंगचे पैसे किमतीतून कमी करून मागा. रॉकरचं झाकण काढून आत गंज नाही ना हे पाहा. वरून दिसणारा तपकिरी, जळका थर हा एरंडेलाचा असतो, त्याला घाबरून सौदा सोडू नका. सुटे केलेले धातूचे भाग गाडीच्या कूलंटमध्ये मंद आचेवर, उघड्या जागी काही तास ठेवले की तो निघून जातो. भांडं मात्र असं घ्या जे पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही; ते कूलंटही विषच असतं.