आगाऊ रकमेचा मेसेज आला, पैसे आलेच नाहीत

लालबागला माझी मावशी घरून पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते. फोन साधा, बटणांचा. इंग्रजी मेसेज आला की त्यातले आकडे तेवढे वाचते.

ठाण्याहून एकाचा फोन आला. बायकोचं डोहाळजेवण आहे, शंभर पोळ्या हव्यात, २,००० आगाऊ पाठवतो. गुगल पे आहे का, असं त्याने आधी विचारलं. मावशी म्हणाली, "नाही हो, साधा फोन आहे. बँकेत टाका." तिच्याकडे ॲप नाही, म्हणजे पैसे आले की नाही हे तिला मेसेजवरूनच कळणार, हे त्याला तिथेच समजलं. तिने पासबुक काढून खाते क्रमांक सांगितला.

थोड्या वेळात मेसेज आला. खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर (असणारच, तिनेच सांगितले होते), रक्कम मात्र २०,०००. पाठोपाठ फोन: "ताई, एक शून्य जास्त पडलं हो. अठरा हजार परत करा, बायको दवाखान्यात आहे, डिपॉझिट भरायचंय." जिचं डोहाळजेवण तीच दवाखान्यात आणि पोळ्यांची ऑर्डर मात्र कायम! पण दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे राहिले या विचारानेच मावशी कासावीस झाली. भिशीचे पैसे घेऊन ती खाली किराणावाल्या काकांकडे गेली. त्यांनीही मेसेज पाहिला, रोख घेतली आणि आपल्या फोनवरून १८,००० पाठवले. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, खात्यात एक रुपयाही आलेला नव्हता.

तो मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता. बँकेचा मेसेज अक्षरी नावाने येतो: आधी दोन अक्षरं, आडवी रेघ, मग बँकेचं छोटं नाव, २०२५ पासून शेवटी एस किंवा टी असं अक्षरही असतं. पण मावशीच्या फोनवर बटण दाबलं की थेट मजकूरच उघडतो आणि छोटा स्क्रीन भरून जातो. कुणी पाठवला ते पाहायला मागे यादीत जावं लागतं. कोण जातंय? शिवाय त्यात शिल्लक किती ते लिहिलंच नव्हतं. लिहिणार कशी, त्याला ती ठाऊकच नव्हती.

अक्षरी नाव दिसलं तरी त्यावर विसंबू नका, शिल्लक बघा. खात्याला जोडलेल्या नंबरवरून बँकेच्या मिस्ड कॉल नंबरला फोन करा, नाहीतर *९९# लावा. इंटरनेट लागत नाही.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या हेल्पलाइनवर, फोन केला तेव्हा आणखी एक घोळ कळला. पैसे काकांच्या खात्यातून गेलेले, व्यवहाराचा क्रमांक त्यांच्याच फोनमध्ये, म्हणून तक्रारही त्यांनाच करावी लागली. गिऱ्हाईक सोडून बिचारे तासभर फोनवर. तोवर पैसे पुढच्या खात्यातूनही काढले गेले होते. बँकेने तर हातच वर केले: पैसे तुम्हीच पाठवलेत.

मेसेज मेमरी भरली की मावशी सगळं पुसून टाकते. हा मात्र वाचला. साध्या फोनवर स्क्रीनशॉट निघत नाही, म्हणून दुसऱ्या फोनने, पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवलाय.

शिवडीच्या एका टेलरिंगवालीलाही नुकताच असा फोन आला. ब्लाउजांची मोठी ऑर्डर, आणि पहिला प्रश्न तोच: गुगल पे आहे का?